आयत्या वेळचे विषय

सोहारमध्ये, लाँड्रीच्या वरच्या खोलीत
मंडळाची कार्यकारिणी भरते, शुक्रवारी चारला.
खालून इस्त्रीची वाफ येते, वरून एसी ठिबकतो.
त्याच्याखाली ठेवलेली बादली
आम्ही गणसंख्येत धरत नाही.

आधीचे अध्यक्ष इंजिनिअर होते.
ते प्रास्ताविक करायचे, मग प्रास्ताविकाचा समारोप.
मगरिबची अजान व्हायची आणि आम्ही
अजून विषय क्रमांक दोनवर:
फराळात चकली की कडबोळी.
मी लिहायचो, "साधकबाधक चर्चा झाली."

मग शालन काकडे आल्या.
बावीस वर्षं इस्पितळात रात्रपाळीच्या सिस्टर.
मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
"वॉर्ड सोपवताना आम्ही एका खाटेला एक मिनिट देतो.
काय झालंय, काय केलंय, आता कोण बघणार.
चकलीला दोन देते. ती काही अत्यवस्थ नाही."

तुस्कानो हसला, एकटाच, बराच वेळ.
कडबोळी दीड मिनिटात मंजूर.

मग वेळ उरला. त्याचं काय करायचं
हे कुणालाच माहीत नव्हतं.
भिंतीशी हमीदभाई परकार बसले होते,
पाण्याचा टँकर चालवतात, सहा वर्षांचे सभासद,
माझ्या वहीत फक्त "उपस्थित" म्हणून सापडतात.
ते खाकरले.
"आयत्या वेळचा विषय आहे.
फलजच्या कॅम्पात आपली सात माणसं आहेत.
पगाराच्या चिठ्ठीवर अंगठा देतात.
काय कापलंय ते मला विचारतात.
मी सांगतो. पण मी मंगळवारीच जातो ना."

कुणी म्हणालं, अभ्यासक्रम लागेल.
कुणी म्हणालं, उपसमिती.
मी सवयीनं लिहू लागलो:
"साक्षरता वर्ग सुरू करण्याचे ठरवण्यात आले."
सिस्टर खांद्यावरून वाचत होत्या.
"ठरवण्यात आले. कुणी?
पहाटे तीनला सलाईन संपतं तेव्हा
'लावण्यात यावे' ला हात नसतात हो."

सात वर्षं माझ्या वहीत
सगळं करण्यात आलं, घेण्यात आलं, मांडण्यात आलं.
कुणी काही केलं नव्हतं.
मी ओळ खोडली.
क्रियापदाआधी माझं नाव घातलं, पुढे तारीख.
बादलीत एक थेंब पडला. तेवढंच.

पहिल्या वर्गाला मी अननसाचा तक्ता नेला.
माणसं दिवसभर उन्हात परांची बांधून आलेली.
लिंबाजी, वय सत्तेचाळीस, गंगाखेडकडचे,
तक्त्याकडे पाहून अदबीनं म्हणाले,
"सर, अननस वळखतो मी. 'कपात' कुठंय?"

तक्ता गुंडाळला.
पुढच्या शुक्रवारी त्यांचीच चिठ्ठी
मराठीत उतरवून नेली. शेजारी इंग्रजी.
क. पा. त.
तिसऱ्या आठवड्यात मी एकदा पंधरा मिनिटं
सलग बोललो. दोघं झोपले. बरोबरच होतं त्यांचं.

मार्चची सभा. विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मागच्या सभेला कॅम्पातलेही आले होते.
सिस्टरनी वही लिंबाजींपुढे सरकवली
आणि घड्याळ उचलून पर्समध्ये टाकलं.

ते बोट ठेवून वाचत गेले.
जोडाक्षराशी अडले, मागे आले,
दुसऱ्या पायानं चाचपून पुन्हा चढले.
तुस्कानोनं खुर्ची हलवली नाही.
खाली इस्त्रीवाल्याचे दोन दिशदाशे तरी झाले असतील.

उपस्थितांच्या यादीत सातव्या नावावर
बोट थांबलं. एकदा. पुन्हा एकदा.
"हे मी न्हाई," म्हणाले.
"घुगे लिवलंय. मी घुले."

मी पेन घेतलं.
"इतिवृत्त दुरुस्तीसह कायम करण्यात—"
थांबलो.
लिहिलं: चूक लिंबाजी घुले यांनी काढली.
चूक माझी.

बादली काठोकाठ आली होती.
हमीदभाई उठले
आणि ओतून आले.